शिक्षण, नाती, समाज: चार वर्षं वाचतोय, पण तेरीज जुळत नाही

रोजमेळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी हिशेबनीस. चार वर्षांपूर्वी मुलगी सहावीत होती. एक दिवस दप्तर दारातच ठेवलं आणि म्हणाली, "उद्यापासून मी जाणार नाही." तीन आठवडे खरंच गेली नाही. आम्ही समजावलं, रागावलो, आमिषं दाखवली, काही उपयोग नाही. शेवटी एका सकाळी तिची मैत्रीण दारात आली, नुसती हाक मारली, आणि ही चपला घालून निघाली. झालं. आमच्या तीन आठवड्यांच्या भाषणांचं मोल मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण मी घाबरलो होतो. मूल शिकतं म्हणजे काय होतं, याबद्दल आपल्याला काडीचंही ठाऊक नाही असं वाटलं, आणि वाचायला लागलो. आधी शिक्षणावरची पुस्तकं. त्यांचं बोट धरून आईबाप-मुलांवरची आली. त्यांच्यामागून माणसं एकमेकांशी अशी का वागतात त्यावरची, आणि मग समाज, जात, वर्ग, शहरं, लोकसंख्या, जे हाती लागेल ते. आजमितीला ६३ पुस्तकं झाली. टिपणं काढतो. रद्दीत निघालेल्या लांबट खतावण्या आहेत माझ्याकडे, त्यातच लिहितो. डाव्या बाजूला 'काय म्हटलंय', उजव्या बाजूला 'म्हणून काय'.

गेल्या महिन्यात सहज मोजलं. डावी बाजू पानंच्या पानं भरलेली. उजव्या बाजूला चार वर्षांत एकूण ११ नोंदी. त्यातल्या चार नुसत्या 'विचार करणे' अशा.

शिवाय काही जुळतच नाही. जॉन ड्युई १९१६ मध्ये सांगतो की लोकशाही शाळेतून घडते. इव्हान इलिच १९७१ मध्ये म्हणतो, शाळा नावाची संस्थाच मोडीत काढा. जॉन बोल्बी म्हणतो, लहानपणी मायेचं माणूस जवळ असणं हा सगळ्याचा पाया. ज्युडिथ रिच हॅरिस १९९८ मध्ये म्हणते, आईबापांनो, मुलांच्या व्यक्तिमत्त्वावर तुमचा प्रभाव तुम्ही समजता तेवढा नाही, त्यांना घडवतात ते सवंगडी. वाचताना मला प्रत्येक जण पटतो. शेवटचं वाचलेलं पुस्तक म्हणजे माझं मत, अशी अवस्था आहे.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात मुलगी जेवताना म्हणाली की ती हाक मारणारी मैत्रीण आता तिच्याशी बोलत नाही. मी लगेच सुरू. या वयात गट कसे बनतात, गटाबाहेर पडण्याची भीती कशी असते, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, हे कितव्या पुस्तकातलं?" आणि ताट उचलून आत गेली. बायको काही बोलली नाही. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

तर जाणकारांना विचारायचंय: तुम्ही या विषयांवर चौफेर वाचता तेव्हा त्याचं करता काय? वाचलेलं लक्षात कसं राहतं, एकमेकांना छेद देणाऱ्या गोष्टींचं काय करायचं, आणि समोरच्या माणसावर पुस्तक न फेकता बोलायचं कसं? की वाचनच कमी करू?

---

काठावरपास

६३?! मी इथले धागे वाचून विद्वान झालो, माझं काय ते बोला.

गंमत सोडा. 'वाचतोय पण राहत नाही' एवढ्यापुरतं सांगतो, कारण परीक्षा देण्यात हयात गेली आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोघांचा २००६ चा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मिटला आणि आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. गोम अशी की आपल्या लक्षात राहणार ही खात्री पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

तुम्ही पुस्तक उघडं ठेवून टिपणं उतरवत असणार. ती नक्कल झाली. मिटून लिहा. अर्धं पान लिहितानासुद्धा घाम फुटतो, अनुभव आहे.

---

निवृत्तबाई

रोजमेळ, तुमचं ते 'कितव्या पुस्तकातलं' वाचून हसले आणि मग हसू मावळलं, कारण माझ्या हातूनही हेच झालंय, आणि तेही चाळीस मुलांच्या वर्गात.

मी ३१ वर्षं प्राथमिकला शिकवलं. मधे एका प्रशिक्षणात आम्हाला सांगण्यात आलं की मुलांचे प्रकार असतात: बघून शिकणारी, ऐकून शिकणारी, करून शिकणारी. मला इतकं पटलं की परत आल्यावर मी बाकांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या. निळी, पिवळी, लाल. लाल म्हणजे करून शिकणारा. लाल टिकलीच्या एका मुलाला मी वर्षभर मातीकाम, मोजकाम, हालचालींचे खेळ दिले आणि धडा वाचायला उभं करायचं टाळलं. मला वाटे, मी त्याच्या कलाने घेतेय. वर्षअखेरीला तो मला म्हणाला, "बाई, माझा नंबर कधीच आला नाही वाचायला." पुढे २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला. मुलाला त्याच्या 'प्रकारा'प्रमाणे शिकवलं तर ते जास्त शिकतं, याला म्हणण्यासारखा पुरावा त्यांना सापडला नाही. टिकल्या मी त्याआधीच खरवडून काढल्या होत्या, पण डाग राहिले बाकांवर.

तेव्हा पुस्तकातला शब्द माणसाला चिकटवायचा मोह मला चांगला ठाऊक आहे. म्हणून वाचन सोडा असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या वहीत दोष आहे, आणि तो तुमच्याच धंद्यातल्या शब्दांत सांगते. माझे वडील दुकानाची वही लिहायचे, म्हणून एवढं येतं. तुम्ही चार वर्षं नुसती कीर्द लिहिताय. आज हे पुस्तक आलं, उद्या ते आलं, तारीखवार नोंद. खतावणी, म्हणजे प्रत्येक नोंद आपापल्या खात्यावर नेणं, कधी केलीच नाही. मग तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांचा ताळा, जुळणार कशी?

खाती उघडा. पण पुस्तकाच्या नावाने नकोत, प्रश्नाच्या नावाने.

एक नमुना देते. मुलापुढे एक मार्शमॅलो (मऊ, गोड खाऊ) ठेवायचा आणि 'थांबलास तर दोन मिळतील' म्हणायचं, तो प्रसिद्ध प्रयोग तुमच्या डाव्या बाजूला तीनदा तरी असेल. वॉल्टर मिशेलने १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत सुरू केला. पुढे त्या मुलांचा मागोवा घेतला आणि १९९० मध्ये छापलं की जी जास्त थांबली त्यांचे पुढे परीक्षेतले गुणही जास्त. शिक्षणावरच्या पुस्तकांत हे 'संयम' या नावाखाली जमा झालं. मीही पालकसभेत सांगायचे. परीक्षेच्या गुणांचा तो निष्कर्ष जेमतेम काही डझन मुलांवरचा होता आणि लिहिणाऱ्यांनीच सावधगिरीचा इशारा दिला होता, हे पालकसभेत कोण सांगतं!

आता दुसरी नोंद, नात्यांच्या बाजूची. सेलेस्ट किड नावाच्या बाईंनी आधी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केलं होतं. तिथली मुलं या परीक्षेत काय करतील, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. २०१३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २८ मुलांवरचा एक छोटा प्रयोग छापला. मुलाला आधी झिजलेले खडू द्यायचे आणि सांगायचं, "थांब, मी नवे छान आणते." निम्म्या मुलांना खरंच नवे मिळाले. निम्म्यांकडे बाई रिकाम्या हाताने परत आल्या, "अगं, नाहीयेत गं." स्टिकरच्या बाबतीतही तसंच. त्यानंतर मार्शमॅलो. ज्यांना शब्द पाळलेला दिसला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती ३ मिनिटं. १५ मिनिटं पुरी करणारी पहिल्या गटात चौदापैकी नऊ होती, दुसऱ्यात एक.

म्हणजे ते मूल उतावळं नव्हतं हो! समोरच्या मोठ्या माणसाच्या शब्दाची किंमत त्याने केली होती.

तिसरी नोंद समाजाच्या बाजूची. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी नऊशेच्या वर मुलांची माहिती तपासली. थांबण्याचा पुढच्या यशाशी दिसणारा संबंध जुन्या अभ्यासातल्यापेक्षा निम्म्यावर आला. घरची परिस्थिती आणि मुलाची लहानपणची समज हिशेबात धरल्यावर उरलेल्यातलाही दोनतृतीयांश गळाला.

या तीन गोष्टी तुम्ही तीन वर्षांत, तीन पुस्तकांत वाचल्या तर त्या एकमेकींना खोट्या पाडताहेत असं वाटतं. 'मूल कशासाठी थांबतं?' अशा एका खात्यावर घेतल्या की चित्र बदलतं. चौफेर वाचायचं ते त्यासाठी. एकाच कपाटात बसले असते तर मी जन्मभर संयमाचे धडे देत राहिले असते.

---

तिरकस

बाईंचा प्रतिसाद चांगला आहे, पण मला यातला निम्मा वाचनप्रकारच शंकास्पद वाटतो. २०१० मध्ये हेनरिक, हाइने आणि नोरेंझायन यांनी दाखवून दिलं की 'माणूस असा वागतो' म्हणून जे छापलं जातं ते बहुतांशी पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू देशांतल्या लोकांवर, आणि त्यातही कॉलेजच्या पोरांवर केलेल्या प्रयोगांतून येतं. त्यांनी उद्धृत केलेला एक आकडा असा: मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांत अभ्यासलेल्यांपैकी ९६ टक्के लोक ज्या देशांतले, तिथे जगाची १२ टक्केच लोकसंख्या राहते. बाईंचे तिन्ही दाखले त्यातलेच.

माझा सल्ला: प्रयोगांबद्दलची पुस्तकं कमी करा. ज्याने भोगलं त्याने लिहिलेलं वाचा. आत्मचरित्रं, निवेदनं, साक्षी, पत्रं. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेलं निवेदन उघडा. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणाकडे वळतो, असा उघड हिशेब मांडलाय, आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केलीय. शिक्षण आणि समाज हे दोन वेगळे विषय आहेत असं त्या पानांवर कुठेही वाटत नाही. तुम्ही हिशेबनीस आहात, तुम्हाला ते जास्त कळेल. शिक्षणावरची वीस नवी पुस्तकं बाजूला ठेवून ते आधी वाचा.

आणि कादंबऱ्या वाचता का हो? ६३ मध्ये एकही दिसत नाही.

---

निवृत्तबाई

@तिरकस, आकडा मान्य. पण भोगलेल्याने लिहिलेलंही एकाच माणसाचं असतं, आणि लिहू शकला त्याचंच असतं. माझ्या लाल टिकलीवाल्याने काही लिहिलं नाही. दोन्ही लागतं. कादंबऱ्यांबाबत सहमत.

---

उन्हाळीसुट्टी

मी १९ वर्षांची आहे आणि या धाग्यावर त्या मुलीच्या बाजूने लिहितेय. कोणीतरी लिहायला हवं.

माझी आईपण वाचते. मी नववीत असताना तिने किशोरवयीन मुलांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि रोज संध्याकाळी एकाच आवाजात विचारायला लागली, "आज तुला कसं वाटलं?" तो आवाज आला की मला कळायचं, प्रकरण बदललंय. मी "छान" म्हणायचे. दीड महिना मी फक्त छान होते.

काका, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही सांगितलेलं चूक होतं म्हणून ती उठली नसणार. मला वाटतं बरोबर होतं म्हणूनच उठली. तिच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती जी फक्त तिची होती, आणि तुम्ही दोन मिनिटांत तिला सांगून टाकलंत की हे सगळ्यांचंच होतं.

आमच्याकडे कसं सुटलं ते सांगते. एक दिवस आई वैतागली आणि ते पुस्तकच माझ्यापुढे टाकलं. "तूच वाच आणि सांग यातलं किती खरं आहे ते." मी पेन्सिल घेऊन बसले. समासात 'चूक', 'अर्धं बरोबर', 'हे तुझ्या पिढीचं', 'हे कोणी सांगितलं यांना??' असं लिहीत गेले. एका पानावर काहीच लिहिलं नाही, नुसती उभी रेघ ओढली. आईने ते पान वाचलं आणि त्याबद्दल मला आजपर्यंत काही विचारलं नाही. म्हणून मग मीच सांगितलं, चारपाच महिन्यांनी.

---

काठावरपास

@उन्हाळीसुट्टी +१. धाग्याचं सार्थक झालं. (अवांतर: ते पुस्तक अजून असेल तर जपून ठेवा.)

---

रोजमेळ

तीन आठवडे फिरकलो नाही, माफ करा. वर्षअखेर होती.

सगळ्यांचे आभार. काठावरपास, मिटून लिहून पाहिलं. अडीचशे पानांच्या पुस्तकातल्या मला सात ओळी आठवल्या. त्यातल्या दोन दुसऱ्याच पुस्तकातल्या निघाल्या.

बाई, खाती उघडली. कीर्द-खतावणी मला कोणीतरी शिकवावी हा दिवस येईल असं वाटलं नव्हतं. सध्या पाच खाती आहेत: 'मूल शाळेत कोणासाठी जातं', 'मोठ्यांचा शब्द', 'कोण कोणाला गप्प बसवतं', 'सक्तीने काय साधतं', आणि एक 'संकीर्ण', ते लागतंच. गंमत म्हणजे बोल्बी आणि हॅरिस एका खात्यावर येईनात. तो तान्ह्या आणि लहान मुलांच्या सुरक्षिततेबद्दल बोलतोय, ती मोठेपणी घराबाहेर दिसणाऱ्या स्वभावाबद्दल. रकमाच वेगळ्या होत्या आणि मी दोन वर्षं त्यांची वजाबाकी करत बसलो होतो. ड्युई आणि इलिच मात्र एकाच खात्यावर आहेत आणि तिथे फरक राहतोच. राहू दे. फरकाची रक्कम लपवायची नसते, ती वेगळी दाखवायची असते.

तिरकसराव, फुल्यांचं निवेदन वाचलं, दोनदा. 'सक्ती'च्या खात्यावर पहिली नोंद त्याचीच आहे, इलिचच्या वर. शाळेतून सुटका मागणारा आणि शाळेत शिरकाव मागणारा असे दोघे एकाखाली एक वाचताना अंगावर काटा आला. कादंबरी अजून नाही.

आता घरचं. मुलीला कुठलंही पुस्तक वाचायला दिलं नाही, तेवढा धीर झाला नाही. खतावणी मात्र टेबलावर उघडी ठेवायला लागलो. चार दिवस तिने ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी 'मोठ्यांचा शब्द' या खात्यात, खडूच्या प्रयोगासमोर, उजव्या बाजूच्या कोऱ्या रकान्यात तिच्या अक्षरात एक नोंद होती: 'सायकल.'

मला उलगडा व्हायला पुरता एक मिनिट लागला. दिवाळीच्या सुट्टीआधी तिच्या सायकलचं मागचं चाक वाकलं होतं. 'या रविवारी टाकू दुरुस्तीला' म्हणालो होतो. त्यानंतरचे रविवार मोजायला बसलो आणि सोळाव्याला थांबलो. ती मैत्रीण सायकलने जाते. ही तेव्हापासून बसने. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं, मी गटांचं मानसशास्त्र सांगत होतो.

तिला काही बोललो नाही. रविवारची वाट न बघता सायकल टाकून आलोय, उद्या संध्याकाळी मिळेल म्हणालाय. मैत्रिणीचं काय झालं ते मला अजून माहीत नाही. नोंदीसमोर तारीख घातली आणि खाली सही केली, आम्ही करतो तशी. आज पाहिलं तर त्या सहीखाली तिने पेन्सिलीने लिहिलंय, 'मिळाल्यावर.'